हरणाऱ्यांचं मैदान

आमच्या शहरातल्या खो-खो लीगमध्ये जे मंडळ वर्षानुवर्षं शेवटून पहिलं आलं, त्याच मंडळाकडे शेवटी मैदान उरलं होतं. बाकीची मंडळं जिंकली आणि मैदानाला मुकली. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा हसतो. मला काही हसू येत नाही. माझा सगळा जन्म त्या लीगमध्ये गेला आहे, आधी पळण्यात आणि मग पोरींना पळवण्यात.

सोलापूरच्या पूर्व भागात मी वाढले. वडील गिरणीत, आई विड्या वळायची, शेजार सगळा तेलुगू विणकरांचा. गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. ती महापालिकेची की कुणाच्या बापाची, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तिथे दोन खांब रोवलेले होते आणि ते खांब म्हणजेच आमचं मंडळ. कार्यालय नव्हतं, खुर्ची नव्हती, बोर्डसुद्धा नव्हता. संध्याकाळी पोरं खेळायची, त्यांच्या आधी उन्हं असतानाच आम्ही पोरी.

आम्हाला शिकवायचे अण्णा. पॉवरलूमवर काम करणारा माणूस, खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय. त्यामुळे अण्णा प्रेमाने बोलले तरी आख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. "ए पिल्ला, खो देतीस का लग्नाची पत्रिका देतीस? पाठीवर दे की पटकन!" खो-खोत आठ जणी मधल्या पाटीवर आपापल्या चौकात एकआड एक तोंड करून उकिडव्या बसतात, नववी पळत असते, ती जिच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणेल तिने उठून पळायचं. माझा चौक मधला होता. तिथे बसून बसून माझ्या तळव्यांना ती माती ओळखू यायची. कुठे खडा आहे, कुठे ओल धरते, सगळं.

दिवाळी सरली की लीग सुरू व्हायची आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली की संपायची. मंडळांची खरी नावं लांबलचक होती, देवांची आणि थोरांची. ती फक्त प्रमाणपत्रावर. तोंडात असायचे गिरणीवाले, रेल्वेवाले, विहारवाले, लूमवाले म्हणजे आम्ही. प्रत्येकाचं मैदान प्रत्येकाच्या गल्लीत. पाहुण्या संघाला चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा द्यायचाच, मग नंतर त्याच संघाला शिव्या दिल्या तरी चालायचं. रेल्वेवाल्यांचं मैदान गुळगुळीत, विहारवाल्यांच्या पोरी चपळ आणि भांडणात त्याहून चपळ. जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकीला एक चादर मिळायची. दुसरं काय देणार सोलापुरात! आमच्या आईने पुढे कित्येक वर्षं चादर विकत आणली नाही.

आणि सगळ्यात शेवटी हद्दीवरचे. होटगीच्या वाटेला, शहर संपतं तिथे त्यांची वस्ती. कोरडवाहू तालुक्यांतून मेंढरं घेऊन आलेली आणि मग तिथेच राहिलेली माणसं. त्यांच्या मैदानात दुपारी मेंढरं बसायची. सामन्याआधी लेंड्या झाडून काढायच्या. आम्ही त्यांना 'मेंढरं' म्हणायचो, आणि ते हसून म्हणायचे, "व्हय की, मेंढरंच हाय आमी. पळतंय बगा कसं." पळायचे, हरायचे आणि पाहुण्यांना आग्रह करकरून भाकरी-शेंगाचटणी खायला घालायचे.

आता मूळ दुखण्याकडे येते. आम्ही लूमवाले लागोपाठ जिंकत गेलो, तेव्हा गल्लीत मोठा सत्कार झाला. भागातले पुढारी आले. हार-तुरे झाले आणि पुढारी माइकवरून म्हणाले, "बोला, मंडळाला काय पाहिजे?" कुणी ठरवलेलं काही नव्हतं. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "हॉल."

एवढ्या टाळ्या मी सामन्यातसुद्धा ऐकल्या नव्हत्या. आमच्या गल्लीतली घरं दीड खोलीची, त्यातल्या अर्ध्या खोलीत लूम नाहीतर विड्यांचं सूप. लग्न, बारसं, दहावं, सगळं रस्त्यावर. पंगतीतून सायकली जायच्या. त्यामुळे हॉल म्हटल्यावर बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. जागा कुठाय, असं पुढाऱ्यांनी विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "आहे की आपली." मंडळाच्या विजयाबद्दल मंडळाला मंडळाच्याच मैदानावर हॉल! यात काही चुकतंय हे तिथल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि तोही वाजतगाजत.

भूमिपूजनाला पहिली कुदळ मारायचा मान अण्णांना दिला. 'संघ कुणी घडवला? मग कुदळ त्यांचीच.' अण्णा पांढरा शर्ट घालून आले, डोक्याला फेटा बांधून घेतला, आणि खांबाच्या जवळ त्यांनी कुदळ मारली. फोटोत अण्णा हसत आहेत. मी तो फोटो नंतर कितीतरी वेळा पाहिला, आणि ते हसू खरं आहे असंच मला दर वेळी वाटलं.

हॉल झाला. लाल अक्षरांत मंडळाचं नाव लागलं, आत काचेच्या कपाटात आमचे कप ठेवले. खांब उपटून गच्चीवर टाकले, त्यावर लोक गाद्या वाळत घालू लागले. त्या हॉलमधल्या पहिल्या-दुसऱ्या लग्नांतलं एक माझं. आई सगळ्या पाहुण्यांना सांगत होती, "माझ्या लेकीनं खेळून मिळवलेला हॉल हाय." अंतरपाट धरला होता तिथेच माझा चौक होता. मंगलाष्टकं चालू असताना मी पायाच्या अंगठ्याने खाली चाचपत होते. खाली फरशी होती, गार.

अण्णांनी अक्षता टाकल्या आणि जेवण न करता निघाले. मी हाक मारली तर दारातूनच म्हणाले, "फरशीवर पाय घसरतोय गं." त्यानंतर हॉलमध्ये त्यांना कुणी पाहिलं नाही.

मग ती साथ पसरली. लूमवाल्यांना हॉल मिळाला, मग आम्हाला का नाही? गिरणीवाले जिंकले, तर त्यांना वाचनालय मिळालं. तोवर गिरणी बंद पडली होती. माणसं तिथे बसून पेपरमधल्या नोकरीच्या जाहिराती वाचायची, आणि माझे वडीलही त्यांतलेच. विहारवाल्या पोरी बाहेरच्या जिल्ह्यात जाऊन कप घेऊन आल्या, त्यांना अभ्यासिका. त्या अभ्यासिकेत बसून पोरं साहेब झाली, हे मला नाकारता येत नाही. नाकारता येत नाही, हाच तर सगळा त्रास आहे. रेल्वेवाल्यांना ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र मिळालं. आज तिथे लीगचे जुने खेळाडू सिमेंटच्या बाकांवर बसून गुडघे चोळतात. ज्या जागेवर पळाले त्याच जागेवर बसलेत. एका मंडळाला तर नुसते पेव्हिंग ब्लॉक मिळाले, रंगीत. त्यावर एक पोरगी पडून ढोपर फुटलं आणि त्या मंडळाचा खो-खो संपला.

कुणी वाईट वागलं असं नाही. प्रत्येकाने दिलं, प्रत्येकाने घेतलं, प्रत्येक वेळी नारळ फुटला आणि पेढे वाटले. मंडळं अजून आहेत. गणपती बसवतात, वर्गणी काढतात, डीजे लावतात. बोर्डावर 'क्रीडा मंडळ' लिहिलेलं असतं. त्यातला क्रीडा वाचला की माझं डोकं फिरतं.

हद्दीवरच्यांना मात्र कुणी काही दिलं नाही. जे कधी जिंकलेच नाहीत त्यांचा सत्कार कोण करणार? म्हणून त्यांचं मैदान राहिलं. लीगमधली उरलीसुरली मंडळं आपापले सामने तिथेच येऊन खेळू लागली. यजमान हरायचे, पाहुणे जिंकायचे, आणि मेंढरं कडेला रवंथ करत बसायची.

लग्नानंतर मी एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. अण्णा गेले, आणि आमच्या गल्लीतल्या उरलेल्या पाच-सहा पोरी घेऊन मी हद्दीवर जायला लागले. तिथल्या पोरी आणि आमच्या पोरी मिळून एक संघ झाला. नाव अर्थातच त्यांचं, कारण माती त्यांची. आमच्या मंडळाने हरकतसुद्धा घेतली नाही. लीगमध्ये आपलं नाव आहे की गेलं, हेच आमच्या अध्यक्षांना माहीत नव्हतं.

त्या मातीवर मी जीव टाकला, हे कबूल करायला मला लाज नाही. चाळणीने खडे काढले. रोलर फिरवला. पण मातीला पाणी लागतं, आणि सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी येतो. नळाच्या दिवशी प्रत्येक पोरीने घरून एक कळशी आणायची, असा नियम मी केला. त्यावरून वस्तीतल्या बाया माझ्या नावाने बोटं मोडायच्या. "घरात प्यायला न्हाय आन् ही बया मातीला पाजती!" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मला दुसरं काही येत नव्हतं.

संघाची कप्तान त्याच वस्तीतली. बाप मेंढरांमागे, आई चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला. पोरगी इतकी वेगाने खो घ्यायची की बसली होती कधी आणि उठली कधी, कळायचं नाही. माझ्या आयुष्यात मी असली दुसरी पाहिली नाही. तिला खांबाजवळचा सूर मी शिकवला. एका हाताने खांब धरायचा, अंग झोकून द्यायचं आणि पलीकडे पळणारीला बोटं लावायची. शिकवताना मी तिला अण्णांसारखीच ओरडायची.

दोन उन्हाळ्यांमागे तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न त्याच मैदानावर झालं. दुसरीकडे जागा कुठे होती! ऐन अक्षतांच्या वेळी वावटळ आली. मांडवाचं कापड फाटलं, भातात माती गेली, नवरदेवाच्या फेट्यात माती, भटजींच्या तोंडात माती. वराकडची माणसं न जेवता उठली. मी त्या दिवशी तिथे होते. बाकीच्या बाया पोरीच्या आईला धरून बसल्या होत्या आणि मी मांडवाच्या मेखांनी माझ्या मैदानाला पडलेली भोकं बघत होते. दुसऱ्या दिवशी पोरींनी ती बुजवली. कप्तानही होती. ती नुसती माती दाबत राहिली.

यंदा माझ्या पोरी जिंकायला लागल्या.

पहिला सामना जिंकला तेव्हा आनंद झाला. दुसरा जिंकला तेव्हा वस्तीतले लोक खुर्च्या घेऊन बघायला आले. तिसऱ्या सामन्याला भागातल्या पुढाऱ्यांचा बॅनर लागला, 'आपल्या लेकी, आपला अभिमान'. तो बॅनर मी ओळखत होते. माणूस वेगळा, पण हात जोडलेले तसेच.

मी हद्दीवरच्या मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं. हा साधा माणूस, आधी स्वतः खेळलेला, हरलेला. म्हटलं, "हे बघा, उद्या विचारतील काय पाहिजे. हॉल म्हणायचं नाही. बोअर मागायचं आणि पाण्याची टाकी. मातीलाही होईल आणि वस्तीलाही." ते म्हणाले, "व्हय मॅडम, टाकीच मागू." पोरींनाही मी पढवलं. काय मागायचं? "टाकी!" पुन्हा? "टाकी!" मैदानाभोवती चार फेऱ्या मारताना त्या तेच ओरडत होत्या. मला वाटलं, जमलं.

अंतिम सामना एका खासगी शाळेच्या संघाशी होता. बूट चकचकीत, डब्यात सुका मेवा. मध्यंतराला आम्ही मागे होतो, आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. स्वतःच्या पोरी हराव्यात म्हणून खांबापाशी बसून देवाला हात जोडणारी कोच मीच पहिली असेन. पोरी माझ्याभोवती धापा टाकत उभ्या होत्या, काहीतरी सांगा म्हणून तोंडाकडे बघत होत्या. मला त्यांना 'राहू द्या गं' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "डावीकडची दमलीय, तिलाच पळवा." सवय काही सुटत नाही.

शेवटच्या डावात एक गडी बाद करायचा राहिला होता. त्यांची पोरगी खांबाच्या आडोशाला गेली, कप्तानने खो घेतला, खांब धरला आणि झोकून दिलं. बोटं लागली. मी किंचाळत उठले, नाचले, पोरींना उचललं. एवढा आनंद मला माझ्या कुठल्याच विजयाचा झाला नव्हता. मग वळून पाहिलं तर पुढारी स्टेजवर चढत होते.

हार झाले, चादरी वाटल्या. त्यांनी अध्यक्षांना विचारलंच नाही. माइक थेट कप्तानच्या तोंडासमोर धरला. "बोल बाळ, काय पाहिजे तुला?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. गर्दीच्या कडेला तिची थोरली बहीण लेकराला कडेवर घेऊन उभी होती, तिच्याकडे बघत होती.

"साहेब," ती म्हणाली, "हाल द्या. माज्या ताईच्या लग्नात माती उडाली. तिच्या सासरची आजून तिला मातीची म्हनत्यात. धाकटीचं लगीन तरी नीट होऊ द्या."

टाळ्या वाजल्या. बायांनी पदर डोळ्यांना लावले. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. माइक माझ्यापासून दोन हातांवर होता. मी जाऊ शकले असते. पण काय बोलणार होते? तुझ्या ताईच्या अपमानापेक्षा माझी चाळलेली माती मोठी आहे, असं? मी तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. दारातच उभी राहिली, आत येईना.

"रागावला व्हय मॅडम?"

"टाकी ठरली होती आपली."

तिने हळूच विचारलं, "मॅडम, तुमचं लगीन कुटं झालंतं?"

"हॉलमध्ये," मी म्हणाले.

तिला टोमणा मारायचा नव्हता, तिने खरोखरच विचारलं होतं. मी तिला आत बोलावून चहा दिला.

कामाला एरवी वर्षं लागतात, पण निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे हॉल लगेच मंजूर झाला. आता लीग कुठे होणार, असं मी लीगच्या लोकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, बघू, कुठेतरी करू. मॅटवर करू, कुणाच्या तरी शाळेत. मग फोन उचलेनासे झाले. लीग संपली, असं कुणी जाहीर केलं नाही. जाहीर करायला कुणी उरलंच नव्हतं.

भूमिपूजनाला पोरी जर्सी घालून, डोक्यावर कलश घेऊन रांगेत उभ्या होत्या. हलगी वाजत होती. मेंढरं लांब हाकलली होती. मी मागे उभी होते, तेवढ्यात माइकवर माझं नाव पुकारलं. "संघ कुणी घडवला? मॅडमनी! तर पहिली कुदळ मॅडमच्या हस्ते!"

अण्णांचं ते हसू मला तिथे, त्या मंडपात कळलं. फोटोत सगळ्यांनी बघितलं होतं तसं ते खरं होतं, आणि तरी ते तसं नव्हतं. समोर सगळे हात जोडून उभे असताना, आपणच घडवलेल्या पोरी कलश घेऊन आपल्याकडे बघत असताना, माणूस दुसरं काय करणार? कुणीतरी माझ्या हातात कुदळ दिली. तिला हळद-कुंकू लावलं होतं. मधल्या पाटीवर, चौथ्या चौकापाशी, चुन्याची खूण केली होती.

मी कुदळ मारली. ती आत गेलीच नाही. इतकी वर्षं पाणी पाजून, रोलर फिरवून, पोरींच्या पायांखाली घालून ती जमीन मी दगडासारखी केली होती. कुदळ उडाली आणि मनगटात कळ आली. लोक हसले. कप्तान कलश खाली ठेवून पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, असं न्हाय, तिरपी मारा." तिने माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि आम्ही दोघींनी मिळून पुन्हा मारली. या वेळी ढेकूळ निघालं. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडं बघा, हसा." मी हसले.